बेटावरची न बोलणारी बाई

आमच्या पुण्याच्या छायाचित्र मंडळाच्या यंदाच्या प्रदर्शनात माझा एकही फोटो लागला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचणाऱ्याला उगाच वाट बघावी लागणार नाही. प्रदर्शनाचा विषय होता 'वादळातलं बेट'. तो अध्यक्षांनी निवडला होता, कारण त्यांचं स्कॉटलंडचं तिकीट आधीच काढून झालं होतं. ते तिथं बारा दिवस राहिले आणि बाराही दिवस तिथं लख्ख ऊन पडलं. तिथले लोक उघड्या अंगानं समुद्रात पोहत होते आणि आमचे अध्यक्ष अंगावर तीन थरांचा रेनकोट चढवून खडकावर ढगाची वाट बघत बसले होते.

माझ्याकडे स्कॉटलंडला पुरेल इतकी सुट्टी नव्हती. मी दातांचा डॉक्टर. आठवडाभर दवाखाना बंद ठेवला की पेशंट समोरच्या दवाखान्यात जातात आणि तिथंच रमतात. एकदा एका पेशंटची दाढ भरता भरता मी असिस्टंटपाशी कुरकुरत होतो, की अख्ख्या महाराष्ट्रात धड एक बेट मिळू नये. खुर्चीतल्या गृहस्थांनी तोंड उघडं असतानाच काहीतरी सांगितलं. तोंडातला कापूस काढल्यावर कळलं, ते म्हणत होते, "आमच्याकडं हाय की बेट. बीडला."

मी हसलो. बीड जिल्हा आणि पाणी हे दोन शब्द मी आजवर फक्त टँकरच्या बातमीत एकत्र वाचले होते. पण ते वडवणीकडचे होते आणि ठाम होते. धरण भरलं की तिथलं एक टेकाड चहूबाजूंनी पाण्यात एकटं उरतं म्हणे. वर चार बाभळी, आणि वारा असा की माणसाला उभं राहू देत नाही. परतीचा पाऊस आला की बघायलाच नको.

त्यांनी तिथल्या एका अण्णांचा नंबर दिला. मी त्यांना एकच विनंती केली, की मी दातांचा डॉक्टर आहे हे अण्णांना सांगू नका. यामागे अनुभव आहे. लग्नाच्या पंगतीत, विमानतळावर, एकदा तर स्मशानातसुद्धा, मी दातांचा डॉक्टर असं कळताच समोरच्या माणसानं बोट घालून गाल बाजूला ओढलेला आहे. निदान चार दिवस तरी मला जगाकडे ओठांच्या बाहेरून बघायचं होतं.

वडवणी

मी पोचलो तेव्हा आकाश निळंशार होतं आणि ऊन असं, की गाडीच्या टपावर भाकरी भाजावी. हवामान खात्यानं दोन दिवसांत वादळी पावसाचा इशारा दिला होता. त्या भरवशावर मी आलो होतो, आणि त्याच धास्तीनं सगळा तालुका रस्त्यावर उतरला होता. काढलेलं सोयाबीन डांबरी रस्त्यावर वाळत घातलेलं, अर्धा रस्ता पिवळा, अर्ध्या रस्त्यावरून एसट्या. प्रत्येक जण आभाळाकडे बघत होता आणि मीही बघत होतो. फरक एवढाच, की त्यांना ढग नको होता.

एक बाई पायानं सोयाबीन परतवत होती. मी गाडी थांबवून विचारलं, "पाऊस येईल का हो उद्या?"

"न्हाई यायचा," ती म्हणाली.

"अरेरे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं माझ्याकडे जे बघितलं, त्यानंतर मी अण्णांच्या घरापर्यंत काच खाली केली नाही.

अण्णा माजी सरपंच होते, पाण्याकाठी त्यांची बरीच जमीन होती आणि पुढची निवडणूक त्यांच्या शब्दाशब्दात होती. येसर आमटी, बाजरीची भाकरी आणि वरून तेल सोडलेला ठेचा असं जेवण त्यांनी इतक्या प्रेमानं वाढलं, की मी चौथ्या भाकरीला हात जोडले. आमच्या पुण्यात 'आणखी घ्या' हा प्रश्न असतो. इथं तो निर्णय असतो, आणि तुम्हाला तो ताटात पडल्यावर कळतो.

"बेटाचा फोटो काढायचा म्हन्ता," अण्णा म्हणाले. "काढा. पर तिथं हाय काय? शेरडं हायेत. त्यापरीस असं करा, मी बेटावर उभा ऱ्हातो, असा हात करून. मागं पानी. खाली लिवायचं, 'विकासाचं बेट'."

"मला वादळ पाहिजे, अण्णा. निर्मनुष्य, उदास असं काहीतरी."

अण्णांनी ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "पावसात फोटो काढायला पुन्यावरून आलात," ते हळूच म्हणाले, "घरी सगळं बरं हाय ना?"

बेटावर, पहिला दिवस

सकाळी कोंडिबा मला पलीकडे घेऊन गेला. हा धरणात मासे धरणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचं वाहन म्हणजे चप्पू, म्हणजे पोत्यात शिवलेल्या थर्माकोलच्या लाद्या आणि वर एक फळी. पाणी फळीच्या वरही होतं. मी लाखभराचा कॅमेरा छातीशी धरून मांडी घातली आणि विचारलं, "बुडत नाही ना हा?"

"थर्माकोल न्हाई बुडत," कोंडिबा म्हणाला. माझ्याबद्दल त्यानं काही सांगितलं नाही.

बेट पेशंटनं सांगितलं तसंच निघालं. पाण्यातून वर आलेली एक उघडी पाठ, चार बाभळी, सगळ्या एकाच दिशेला वाकलेल्या, आणि गुडघाभर गवत. पावसाळ्याच्या सुरुवातीला, पाणी चढायच्या आधी, बळीराम आणि त्याची बायको सोजरबाई आपली शेरडं घेऊन इथं येतात आणि पाणी चहूबाजूंनी भरलं की इथंच राहतात. इथं कुणाचं पीक नाही, म्हणून शेरडं शेतात शिरली अशी कुणाशी भांडणं नाहीत. पीठमीठ कोंडिबा आणून देतो. त्यांच्या पालावर जुना फ्लेक्स ताणलेला होता आणि त्यावर अण्णा हात जोडून, उलटे, हसत होते. पाऊस आला की तो थेट त्यांच्या कपाळावर झेलला जायचा. अण्णांनी लोकांसाठी केलेलं हे काम मी प्रत्यक्ष पाहिलं, आणि पुढं रात्रीच्या पावसातही ते खरंच गळलं नाही.

बळीराम मोकळा माणूस. "फोटोवाले साहेब का? या, बसा. च्या घ्या." चहा शेळीच्या दुधाचा आणि इतका गोड, की माझ्यातला डॉक्टर कळवळला, पण मी त्याला गप्प केलं.

सोजरबाई मात्र बोलली नाही. चुलीपाशी बसली होती. पदर डोक्यावरून गालाभोवती घट्ट ओढलेला, एक हात गालाला, नजर लांब पाण्यावर. मी चहाबद्दल आभार मानले, तिनं नुसती मान हलवली. मी एकदम भारावलो. काय तो चेहरा! पाण्यानं वेढलेलं आयुष्य, वाऱ्याशी झुंज, शब्दांची गरजच संपलेली. आमच्या मंडळात यालाच 'मातीतलं मौन' म्हणतात आणि त्याला हमखास बक्षीस मिळतं. मी लांबची लेन्स चढवली आणि दिवसभर तिच्या मागे लागलो. ती शेरडं हाकताना, पाणी भरताना, बाभळीला टेकून. प्रत्येक फोटोत हात गालाला. प्रत्येक फोटोत डोळ्यांत ते खोल, पुरातन दुःख.

बळीरामनं एकदा विचारलं, "तिचेच लई काढता जणू?"

"चेहऱ्यात फार काही आहे हो त्यांच्या," मी म्हणालो.

हे मात्र अगदी खरं होतं.

दुपारनंतर पश्चिमेकडून काळं चढलं आणि मला जे पाहिजे होतं ते सगळं एकदम मिळालं. वारा असा सुटला, की तिपाई उभी केली की आडवी, उभी केली की आडवी. शेवटी मी तिच्यावर आडवा झालो, तर आम्ही दोघं घसरत शेरडांत जाऊन पडलो. लेन्सवरचं पाणी पुसायला खास जर्मनीहून मागवलेलं फडकं खिशातून काढलं, ते एका करड्या शेळीनं शांतपणे माझ्या हातातून घेतलं आणि खाल्लं. मी चारशे फोटो काढले. घरी येऊन बघितले तेव्हा कळलं, वादळाच्या आत उभं राहून वादळ दिसत नाही. नुसता ओला राखाडी रंग दिसतो. त्या चारशेपैकी कोणताही फोटो उलटा धरला तरी काही बिघडत नाही.

कोंडिबा मला न्यायला येणार होता. पाण्यावर कमरेएवढ्या लाटा होत्या. तो आला नाही आणि त्यानं येऊ नये असंच मलाही वाटलं. रात्री मी उलट्या अण्णांखाली, घोंगडी पांघरून झोपलो.

बेटावर, दुसरा दिवस

सकाळी वारा तसाच. बळीराम चहा घेऊन सोजरबाईपाशी बसला होता. "घोटभर तरी घे," तो म्हणत होता. तिनं कप ओठांना लावला. चहा आत गेला नाही, हनुवटीवरून ओघळला. पदर सरकला, आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे लेन्सशिवाय बघितलं.

डावा गाल सुजून कानापर्यंत ताणलेला, कातडी लाल, चकचकीत. सूज जबड्याच्या कडेखाली उतरायला लागली होती. पंचवीस वर्षं मी हे रोज बघतो. आणि काल दिवसभर हेच तोंड मी पन्नास वेळा फोकस करून बघितलं होतं.

मी उठून तिच्यासमोर बसलो. "किती दिवस झाले?"

"दाढ हाय तिची," बळीराम म्हणाला. "चार-पाच दिवस झालं. लवंग लावली, मीठ लावलं. काल सांजच्यापून ताप हाय."

"तोंड उघडा बरं." तिनं उघडलं. दोन बोटंही जाणार नाहीत एवढंच उघडलं. "थुंकी गिळताना दुखतं?" तिनं मान हलवली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुरातन वगैरे काही नव्हतं. साधं दुखण्याचं पाणी होतं.

दाढेखालचा पू असा खाली उतरत गेला, की गळ्याची वाट अडवतो. त्याला दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. मी टेकडीच्या टोकावर पळालो, कारण रेंज तिथंच होती, आणि अण्णांना फोन लावला.

"घाबरू नका साहेब," अण्णा गरजले. "मी वरपतूर बोलतो. हेलिकॉप्टरचं बगतो!"

तासाभरानं मी परत लावला. हेलिकॉप्टरचं बघणं चालू होतं. मोटरबोट कुठं मिळते का विचारलं, तर बोटीचा प्रस्ताव त्यांनी मागेच दिला होता, असं कळलं.

पालात परत आलो आणि बळीरामला म्हणालो, "बळीरामभाऊ, मी फोटोवाला नाही. म्हणजे आहे, पण पोटापाण्याला मी दातांचा डॉक्टर आहे."

बाहेर वारा फ्लेक्स फडफडवत होता. मग बळीराम अगदी सावकाश म्हणाला, "मंग काल दिवसभर तिच्या तोंडाचे फोटो काढलात, ते कावून?"

मी म्हणालो, "चुकलं माझं. आता पू बाहेर काढायला लागेल. इथंच."

"काय हाय तुमच्यापाशी?"

माझ्यापाशी तीन लेन्सा होत्या, चार फिल्टर होते, एक तिपाई होती. दातांच्या कामाचं काहीही नव्हतं. मग आम्ही तिघांनी मिळून जमवलं. बळीरामच्या दाढीच्या सामानातलं न फोडलेलं पातं. शेरडांच्या खुरातले काटे काढायचा चिमटा. चहाचं पातेलं घासून त्यात दोन्ही खूप वेळ उकळत ठेवलं. पहाटेच्या फोटोसाठी आणलेली डोक्याला बांधायची बॅटरी. बायकोनं माझ्या बॅगेत बळेच कोंबलेल्या गोळ्यांमध्ये जंतूंवरची गोळी निघाली. सोजरबाईला पूर्वी कोणत्या गोळीनं अंगावर उठलं वगैरे होतं का, हे मी तीनतीनदा विचारून घेतलं.

सोजरबाई घोंगडीवर मागे टेकून बसली. बळीरामनं तिचं डोकं मांडीशी धरलं. मी हात साबणानं धुतले, परत धुतले, तिसऱ्यांदा धुतले. दवाखान्यात माझ्या डोक्यावर दिवा असतो, शेजारी असिस्टंट असते, सुन्न करायचं इंजेक्शन असतं आणि काही बिघडलं तर हाकेवर मोठं हॉस्पिटल असतं. इथं चहूबाजूंनी पाणी होतं आणि डोक्यावर अण्णा.

"दुखेल," मी तिला सांगितलं. "पण थोडाच वेळ."

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि हातानं खूण केली. कर.

गाल बाजूला ओढला. दाढेच्या बाजूला हिरडी फुगून पिवळट झाली होती, पू तिथं वर आला होता. हेच एक नशीब. चिमट्यात अर्धं पातं धरून मी चीर दिली. तिनं बळीरामचं मनगट असं दाबलं, की ओरडला तो, ती नाही. घाण भसकन बाहेर आली. मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ, परत चूळ, परत. हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. तासाभरानं तिनं गोळी पाण्याबरोबर गिळली आणि पाणी आतच गेलं. बळीराम बाहेर जाऊन शेरडांकडे तोंड करून उभा राहिला. मी गेलो नाही त्याच्याजवळ. कॅमेरा शेजारीच होता, त्यालाही हात लावला नाही.

दिवस मावळेपर्यंत मी दर थोड्या वेळानं तिची सूज चाचपत बसलो. ती गळ्याकडे आणखी सरकली नाही.

परत वडवणी

उजाडता उजाडता वारा पडला आणि कोंडिबाचा चप्पू दिसला. दुखण्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "दोन दिस चुलीचा धूर दिसला न्हाई नीट," तो म्हणाला, "म्हनून अंधारातच निघालो." हेलिकॉप्टर अर्थातच अजून निघायचं होतं.

शेरडं कोंडिबाबरोबर आलेल्या त्याच्या भावाच्या ताब्यात देऊन आम्ही तिघं गावात आलो. तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंचा दातांचाच छोटा दवाखाना आहे. त्यांनी तिला तपासलं, एक्स-रे काढला, इंजेक्शनं चालू केली आणि दोन दिवसांनी सूज ओसरल्यावर आपली खुर्ची मला दिली. दाढ मी काढली. तीन मुळं निघाली, तिसरं वाकडं. अशी सुंदर वस्तू मी त्या प्रवासात दुसरी पाहिली नाही.

दवाखान्याबाहेर एव्हाना फ्लेक्स लागला होता. 'अण्णांच्या प्रेरणेने बेटावर भव्य मोफत दंतशिबिर यशस्वी.' अण्णांचा फोटो सहा फूट. कोपऱ्यात डॉक्टर म्हणून एका गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या इसमाचा फोटो, कारण माझा कुणाकडेच नव्हता. खाली रांग. पहिल्याच माणसानं मला बघितलं, बोट तोंडात घातलं आणि गाल बाजूला ओढला. त्याच्या मागे ती सोयाबीनवाली बाई होती. तिचं निम्मं सोयाबीन भिजलं होतं, हे तिनं आधी सांगितलं, मग तोंड उघडलं. मी दोन दिवस त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंबरोबर बसून रांग संपवली. सोयाबीनवालीची दाढ मी सगळ्यांत जपून भरली.

आणि सोजरबाई बोलायला लागली.

दाढ काढल्यावर तासभर कापूस दाबून धरायला सांगितलं होतं. तिनं तो अर्ध्या तासात काढला. तिथून जी सुरुवात झाली ती थांबली नाही. आधी बळीरामला, की मीठ कुणी जास्त लावलं होतं. मग कोंडिबाला, की मागच्या खेपेला आणलेलं पीठ जुनं होतं. मग डॉक्टरीणबाईंच्या आईची चौकशी, मग करड्या शेळीची कुळकथा, मग अण्णांना तोंडावर, "फ्लेक्स जरा जाडजूड छापा आन्ना, मागल्या साली फाटला." अण्णांनी तिथल्या तिथं फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

बळीराम माझ्या कानाशी आला. "आठ दिस लई शांत गेलं बगा, डॉक्टर," तो म्हणाला. चेहऱ्यावर मात्र दिवाळी होती.

मी तिला कॅमेऱ्यावर तिचे फोटो दाखवले. ती एक एक बघत गेली. हात गालाला, नजर पाण्यावर. "आगं बया," ती म्हणाली, "ही कोन मेल्यावानी? आन् एवढं दुखत व्हतं तर मानूस कॅमेरा खाली ठिवून इचारंल का न्हाई, काय होतंय म्हनून?"

"विचारायला पाहिजे होतं," मी म्हणालो, आणि तिच्यासमोर सगळे पुसून टाकले.

निघायच्या दिवशी मी अण्णांबरोबर त्यांना पोचवायला पाण्यापर्यंत गेलो. आभाळ परत निळं, पाणी आरशासारखं, बेट हिरवंगार. आमच्या मंडळाच्या दृष्टीनं अगदी निरुपयोगी दृश्य. चप्पूवर कोंडिबा, बळीराम आणि मध्ये सोजरबाई, पिठाच्या पोत्यावर बसून बोलत असलेली. काठापासून बरंच आत गेल्यावर ती एकदम मागे वळली, उभी राहिली आणि दोन्ही हात जोरजोरात हलवून मला काहीतरी ओरडून सांगायला लागली.

शब्द पोचत नव्हते, पण भाव पोचला. मीही दोन्ही हात वर केले. तिचे हात आणखी जोरात हलले, आता बळीरामही उभा राहून ओरडत होता. डोळे पुसून, त्यांना नीट दिसावं म्हणून मी एक पाऊल आणखी पुढं टाकलं.

तेव्हा अण्णा मागून धावत आले. "डॉक्टर, मागं सरा! फुडं गाळ हाय, त्येच वरडतीया ती कवाची!"

तोवर मी मांडीपर्यंत आत गेलो होतो. पाण्यावरून सोजरबाईचं हसू आलं. ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.